माळावर एक फेरी मारा, गवत फुलोऱ्यात कापा



भात निसवलं की आपलं लक्ष खाचरावरून हलत नाही. पण भाद्रपद सरता सरता एक सकाळ काढा आणि आपल्या वरकस माळावर जाऊन या. तुंगारेश्वराच्या पायथ्याला, कामण-पारोळच्या बाजूला, त्या दिवसांत माळ भरलेला असतो. ओढ्याला पाणी, दगडांच्या कडेला तेरडा आणि कमरेइतकं गवत. याच पट्ट्यातलं गवत एकेकाळी गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे.

गेल्या वर्षी अशाच फेरीत एका आजोबांनी पवन्याची काडी मोडून माझ्या हातात दिली. म्हणाले, "साहेब, चावून बघा. आता गोड आहे. दिवाळीनंतर नुसती काडी होते."

आजोबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. फुलोऱ्यात गवतात प्रथिने चांगली असतात. बी पिकून गळलं की ती घटतात. वजन भरतं, पण कस जातो. कुसळीची कुसळं तर जनावरांच्या तोंडात टोचतात.

तुम्ही म्हणाल, "व्यापारी वजनावर पैसे देतो, आणि तेव्हाच हळव्या भाताची कापणी. माणसं कुठून आणायची?" खरं आहे. म्हणून सगळा माळ नको, दुभत्या जनावरांपुरता तुकडा आधी कापा. विक्रीचं गवत मागून.

एवढं लक्षात ठेवा :

१. उघडीप पाहून कापा. बुडाला चार बोटं राखा.
२. पातळ पसरा, उलटपालट करा, पूर्ण वाळल्यावरच गंजी रचा. ओलसर गंजीला बुरशी येते.
३. पवना, मारवेल यांचा एक पट्टा बियांसाठी उभा ठेवा. दरवर्षी पट्टा बदला.
४. जानेवारीपूर्वी माळाभोवती ३ मीटर रुंद पट्टा साफ करा, म्हणजे वणवा आत शिरणार नाही. राब भाजताना आगीजवळून हलू नका. जळालेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून जाते.

तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय चराई-कापणी करू नका. म्हणूनच आपला माळ आणि गावचं गुरचरण जपायला हवं. ते गेलं, तर उन्हाळ्यात पेंढा विकत आणावा लागेल आणि दुधाचा पैसा त्यातच जाईल.

तेव्हा यंदा जा, आणि एक काडी चावून बघा.