अहो, अरे आणि मधली सात वर्षं

आवाज नीट येतोय ना? माईक नवीन घेतलाय, पण शेजारच्यांचा मिक्सर जुनाच आहे, त्यामुळे मध्ये घर्र आवाज आला तर समजून घ्या.

महिन्याभरापूर्वी एका श्रोत्याचा मेसेज आला होता. "दादा, ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. घरी कसं सांगू?" मी त्याला लगेच लिहिलं, "सांगतो निवांत." आणि तीन आठवडे काहीच सांगितलं नाही. कारण मी स्वतःच तोवर घरी सांगितलं नव्हतं. मी 28 चा आहे, ती 35 ची. हा भाग तिला विचारून रेकॉर्ड करतोय. तिची अट एकच, नाव घ्यायचं नाही. बाकीच्या पोरांच्या मागे सगळे 'नाव घे, नाव घे' करून लागतात, माझं हे असं.

आता इंजिनियर माणूस आधी काय करतो? फॉर्म्युला शोधतो. इंटरनेटवर एक फार फिरतो, तुम्हीही पाहिला असेल. मोठ्याचं वय निम्मं करा, त्यात सात मिळवा. धाकट्याचं वय त्याच्या वर असेल तर चालतंय, खाली असेल तर गडबड. मी तीन ओळींचं फंक्शन लिहिलं. रात्री दीड वाजता, प्रॉडक्शनचा बग तसाच उघडा ठेवून. 35 चे निम्मे साडेसतरा, अधिक सात, साडेचोवीस. मी 28. पास! इतका आनंद मला कॅम्पस इंटरव्ह्यूला पण झाला नव्हता.

मग चाळाच लागला. सचिन आणि अंजली तेंडुलकर. 1995 च्या मे महिन्यात लग्न झालं तेव्हा तो 22 चा, त्या 27 च्या. पास. (माझ्या ओळखीतला प्रत्येक मोठ्या बायकोचा नवरा पहिलं उदाहरण हेच देतो. अरे पण तो सचिन आहे. त्याला कोण विचारणार, लोक काय म्हणतील म्हणून?) मग मागे गेलो. महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई, 1873. ते 31 चे, ती 11 ची. तिथे फंक्शन चालवायची गरजच नाही. आणि रानडे म्हणजे विधवाविवाहाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस. पहिली पत्नी गेली, वडिलांनी लग्न ठरवलं, यांना ते मोडता आलं नाही. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवलं, रमाबाईंनी मोठं काम उभं केलं, सगळं खरं. पण लग्नाच्या दिवशी त्या अकरा वर्षांच्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

देवलांचं 'संगीत शारदा' 1899 चं. म्हाताऱ्या भुजंगनाथाला कोवळी बायको हवीय, आणि मुलीचा बापच पैशासाठी तयार आहे. आपल्याकडे हा विषय तेव्हापासून स्टेजवर आहे. त्यानंतर तीस वर्षांनी, 1929 मध्ये बालविवाहाचा कायदा आला, त्यालाही आपण 'शारदा कायदा' म्हणतो. मला परवापर्यंत वाटत होतं की नाटकावरूनच नाव पडलं. तसं नाहीये, हरबिलास सारडा नावाच्या गृहस्थांनी ते बिल मांडलं होतं. त्या कायद्यात मुलगी 14, मुलगा 18. 1978 मध्ये झालं 18 आणि 21. म्हणजे बघा, मुलीचं वय वाढलं, मुलाचं वाढलं, पण तो मोठा आणि ती लहान हे कायम. आमच्या भाषेत याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. कुणीतरी एकदा टाकून ठेवते, मग वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. 2018 मध्ये लॉ कमिशनने एका पेपरमध्ये म्हटलं होतं की नवरा-बायको बरोबरीचे असतील तर या फरकाला आधार नाही, दोघांनाही 18 ठेवा. 2021 मध्ये सरकारने उलट मुलींचं 21 करायचं बिल आणलं, ते लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. तेव्हा डिफॉल्ट आहे तिथेच आहे.

तर सगळ्यात शेवटी मी आई-बाबांचं वय टाकलं. लग्नात बाबा 30, आई 19. तीसचे निम्मे पंधरा, अधिक सात, बावीस.

फेल.

मंडळी, माझं नातं पास आणि आई-बाबांचं फेल. मी लॅपटॉप बंदच केला.

आमच्या घरात त्या अकरा वर्षांबद्दल कधी कुणी बोललंच नव्हतं. अंतर म्हणजे शेजारच्या एखाद्याच्या लफड्यात असतं, आई-बाबांमध्ये नसतं, असं काहीतरी डोक्यात असणार. आता बघायला लागलो तर सगळीकडे दिसायला लागलं. आई बाबांना 'अहो' म्हणते. बाबा तिला 'अगं'. तिने त्यांचं नाव फक्त उखाण्यात घेतलंय. एफवायबीएला असताना लग्न झालं, कॉलेज सुटलं. बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक, कराडला घर, गावी शेती. घरात कपाट कुठे ठेवायचं इथपासून सगळं आधीच ठरलेलं. तिला फक्त त्यात मावायचं होतं. बाबा वाईट नाहीत हो. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. पण ते तीसचे होते, त्यांचं सगळं ठरून झालं होतं, तिचं ठरायला सुरुवात व्हायची होती.

आणि खरं अंतर दिसलं ते बाबा रिटायर झाल्यावर. ते 58, ती 47. तिने तोवर मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण केलं होतं, गावातल्या एका पतसंस्थेत कामाला लागली होती. पहिला पगार झाला तेव्हा तिने मला पाचशे रुपये जीपे केले. कशाला, तर असेच! मी आयटीत, मला पाचशे. मी तो स्क्रीनशॉट अजून ठेवलाय. तिची गाडी कुठे सुरू होत होती, आणि बाबांना चार वाजता घरात चहा हवा होता. मग त्यांची बायपास झाली. तिने सुट्टी घेतली, सुट्टी वाढवली, मग नोकरीच सोडली. कुणी सोडायला सांगितली नाही. कुणी सोडू नकोस असंही म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. आत्ता बोलताना हे लक्षात येतंय.

बरं, आता आमचं सांगतो. मी 24 चा असताना पहिल्या कंपनीत ती माझा कोड बघायची. मी 'मॅम' म्हणायचो. ती म्हणाली, इथे मॅम कुणी नाही. मग मी नावावर आलो, पण मराठीत अडकलो. इंग्रजीत एक 'यू' असतं, सुटला माणूस. मराठीत 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला मला अख्खा पावसाळा लागला. ते 'तू' झालं तोवर मी कंपनी बदलली होती, आणि पुढचं सगळं त्यानंतर. हे मुद्दाम सांगतोय, कारण ती माझं अप्रेझल लिहीत असती तर मी आज इतक्या मोकळेपणाने बोललो नसतो.

तर मला वाटायचं, या नात्यात मी लहान, म्हणजे मीच जरा दुबळा. पगार तिचा जास्त, फ्लॅट तिचा, ईएमआय तिचा. फ्रिजवर मॅग्नेट कुठे लावायचं हेही मी विचारून करायचो. मनात आईची आठवण यायची, की बघ, तू पण मावतोयस. स्वतःची दया वगैरे यायची थोडी.

घरी सांगायचा विषय निघाला की मी म्हणायचो, "बघू ना. बाबांची तब्येत सुधारू दे." मग, "दिवाळी होऊ दे." मग, "ऑनसाइटचं कळू दे." अशी दोन वर्षं गेली. तीन महिन्यांपूर्वी, भांडणसुद्धा नव्हतं, ती भाजी निवडत होती, आणि म्हणाली, "तुझी दोन वर्षं आणि माझी दोन वर्षं सारखी नाहीत."

मी म्हटलं, "म्हणजे मूल हवंय का तुला?"

ती म्हणाली, "मला माहीत नाही. हवंय की नको ते ठरवायला मला वेळ हवाय, आणि तो वेळ तू वापरतोयस."

पस्तिशीनंतर मूल होण्याची शक्यता कमी होत जाते, हे मला गूगलवर माहीत होतं. पण माझ्या 'बघू'शी मी ते कधी जोडलंच नव्हतं. मी 30 ला ठरवलं काय, 33 ला ठरवलं काय, मला कुणी काही म्हणणार नाही. म्हणजे फ्लॅट तिचा, पगार तिचा, आणि तरी गाडी कधी हलवायची ते माझ्या हातात होतं. ज्याला थांबणं परवडतं, चालतं त्याचंच. माझ्या फंक्शनमध्ये हे टाकायला जागाच नव्हती, त्यात फक्त दोन वयं होती.

मागच्या रविवारी कराडला जाऊन सांगितलं. मी पूर्ण तयारी करून गेलो होतो. सचिन तयार, लॉ कमिशन तयार. मला वाटलं आई विचारणार, सात वर्षांनी मोठी? आईने मेथी बाजूला ठेवली (माझ्या आयुष्यातले सगळे मोठे प्रसंग पालेभाजीजवळच होतात) आणि विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं."

"आणि तू मला आज सांगतोयस? तिने इतके दिवस काय करायचं होतं?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आई आत गेली, मग बाहेर आली आणि म्हणाली, "तिला घेऊन ये. पण तिला यायचं असेल तर. तू ठरवू नको."

तर मित्रा, ज्याने मेसेज केला होतास, उशीर झाला, सॉरी. घरी कसं सांगायचं याची ट्रिक माझ्याकडे नाही. पण तू किती दिवस 'बघू' म्हणतोयस ते मोज, आणि ते दिवस तिला कसे जातायत ते तिलाच विचार, तुझं तू ठरवू नको. आणि ऐकणाऱ्यांमध्ये कुणी बाविशीची असेल, समोरचा पस्तिशीचा असेल, आणि तो म्हणत असेल 'तू वयाच्या मानाने फार मॅच्युअर आहेस', तर त्याच्या आयुष्यातली एखादी ठरलेली गोष्ट तुझ्यासाठी हलतेय का, ते बघ. एखादी तरी.

आम्ही येत्या शनिवारी निघतोय. तिने स्वतः फोन करून आईला विचारलं, काय आणू. बाबा मात्र अजून अडलेत. त्यांचं म्हणणं, नातेवाइकांना तीस सांगू. ती म्हणाली, पस्तीसच सांगायचं. मी बाबांना तसं कळवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बत्तीस चालेल का, विचार तिला."

विचारतो. चला, पुढच्या भागात भेटू.