आईचा दुसरा आकडा


मी इंदापूर तालुक्यातला. बी.ए. झालो म्हणून 2020 साली पुणे पदवीधरला मत दिलं. हातात जांभळा स्केचपेन. पसंतीच्या माणसापुढे 1, त्याखालच्यापुढे 2. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं. निम्म्याहून एक जादा, हा कोटा.

आणि माझी आई? खुरपणीला जाते. तिला एकच बटण. आपला माणूस उभा केला की वस्तीत येऊन दम भरतात, "मतं फोडता काय रे?"

2024 ला इंदापुरात दत्तात्रय भरणे हर्षवर्धन पाटलांपेक्षा 19,410 मतांनी पुढं गेले. तिसरे प्रवीण माने, त्यांची मतं 37 हजारांवर. त्या लोकांचा दुसरा कौल कुणाला? कुणी विचारलाच नाही.

शहाणे म्हणतील, मतदानाची दुसरी फेरी घ्या. बारामतीच्या उसाच्या फडातला मजूर दुसरा रोज कुठनं बुडवणार? एकाच दिवशी आकडे लिहू द्या.

यानं आपली सीट येईल अशी थाप मी मारणार नाही. पण दुसऱ्या आकड्यासाठी पुढाऱ्याला वस्तीत यावं लागेल, दम भरायला नव्हे, मागायला.

डिग्रीला पसंती, खुरप्याला बटण. ही मतपेटीतली वर्णव्यवस्थाच! ती मोडा.

जय भीम!