लेखी प्रश्न आणि शासनाचे उत्तरदायित्व

(पंचायतींचे सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की वृत्तपत्रांत मोठ्या मथळ्यांनी येतात त्या घोषणा, सभात्याग आणि शाब्दिक चकमकी. त्याच दिवशी सभागृहाच्या पटलावर प्रश्नोत्तरांची एक छापील यादी ठेवली जाते. तिची वार्ता क्वचितच होते. परंतु एखाद्या गावाची पाणीयोजना कोठे अडली, एखाद्या पुलाचे काम का थांबले, एखाद्या कारखान्याची तपासणी शेवटी कधी झाली, हे तारखांनिशी सांगण्याचे बंधन शासनावर येते ते बहुधा या यादीमुळेच. या दुर्लक्षित साधनाविषयी आज आपल्याशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

प्रश्नाचा हक्क कसा मिळाला

कारभाऱ्याला सभागृहात प्रश्न विचारण्याची प्रथा ब्रिटनमध्ये १७२१ सालापासूनची मानली जाते. आपल्याकडे १८६१ च्या कायद्याने कायदेमंडळे आली. परंतु सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने मिळाला आणि तोही अपुरा. उत्तर मिळाले की विषय संपला. उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्यासारखी माणसे मुंबईच्या कायदेमंडळात बसली ती याच मर्यादेत. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क दिला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांनाही मिळाला. संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदाने राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे असे ठरविले, तेव्हा या हक्काला खरा पाया लाभला. पूर्वी परकीय सरकार उत्तर देत असे ते मेहरबानी म्हणून. आज मंत्री उत्तर देतात ते कर्तव्य म्हणून.

तारांकित आणि अतारांकित

ज्या प्रश्नाचे उत्तर सदस्याला तोंडी हवे असते त्यावर तो ताऱ्याची खूण करतो; तो तारांकित प्रश्न. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ज्याचे उत्तर लेखी हवे तो अतारांकित. त्याचे उत्तर पटलावर ठेवले जाते व त्यावर उपप्रश्न होत नाहीत. तारांकित प्रश्नही प्रथम लेखीच द्यावा लागतो. आणि प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत ज्यांची पाळी येत नाही त्यांची उत्तरे लेखी स्वरूपातच पटलावर येतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. यावरून लेखी उत्तरांचा वाटा केवढा मोठा आहे हे ध्यानी येईल.

प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा, राज्य शासनाच्या अखत्यारीतील असावा. त्यात तर्क, उपरोध, व्यक्तिगत आरोप वा काल्पनिक गोष्ट नसावी. न्यायप्रविष्ट बाब नसावी, असे नियम आहेत. प्रश्न स्वीकृत झाला की तो विधानमंडळ सचिवालयाकडून संबंधित विभागाकडे जातो. कक्ष अधिकारी तो क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवितात. तेथून माहिती येते, मंत्रालयात उत्तराचा मसुदा तयार होतो, सचिवांच्या नजरेखालून जातो आणि मंत्र्यांच्या मान्यतेने छापला जातो. म्हणजे सभागृहात मंत्र्यांच्या नावे उमटणारे उत्तर मुळात तालुक्याच्या एखाद्या कार्यालयातील नोंदवहीतून उगवलेले असते.

‘हे खरे आहे काय ?’

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नांची एक ठरीव घडण आहे. आरंभी ‘हे खरे आहे काय’. मग ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय व तीत काय आढळून आले’. त्यापुढे ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’. आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. वरवर पाहता ही भाषा रूक्ष वाटते, परंतु तिची रचना शहाणपणाची आहे. पहिला भाग वस्तुस्थिती कबूल करवून घेतो, दुसरा चौकशीचा निष्कर्ष मागतो, तिसरा कृती मागतो. आणि कृती नसेल तर चौथा भाग कारण मागतो.

मात्र पहिलाच भाग सैल असेल तर सारी इमारत कोसळते. ‘अमुक वसाहतीतील कारखान्यांकडे शासनाचे अक्षम्य दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय ?’ असे विचारले, तर ‘हे खरे नाही’ एवढे उत्तर देऊन विभाग मोकळा होतो आणि उरलेल्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापले जाते. हाच प्रश्न निराळ्या रीतीने मांडून पाहा : गेल्या तीन वर्षांत या वसाहतीतील किती कारखान्यांची सुरक्षा तपासणी झाली, त्यांपैकी किती ठिकाणी त्रुटी आढळल्या, किती जणांना नोटिसा दिल्या व किती जणांवर खटले भरले, त्रुटी दूर झाल्याची फेरतपासणी कोणत्या तारखांना झाली? येथे ‘हे खरे नाही’ म्हणून सुटता येत नाही. आकडा द्यावा लागतो. आणि आकडा एकदा छापला गेला की पुढील वर्षी त्याच्याशी दुसरा आकडा ताडून पाहता येतो.

आपल्या जिल्ह्यातील अनुभव

हे केवळ शब्दांचे चातुर्य नव्हे, हे डोंबिवलीकरांना सांगावयास नको. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा जणांचे प्राण गेले. चौकशी समिती नेमली गेली, धोकादायक कारखाने अन्यत्र हलविण्याची भाषा झाली. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत पुन्हा भीषण स्फोट झाला आणि पुन्हा माणसे दगावली. या दोन तारखांच्या मधली आठ वर्षे हाच लेखी प्रश्नाचा खरा विषय होय. समितीचा अहवाल शासनाला कधी मिळाला, त्यातील कोणत्या शिफारशी स्वीकारल्या, प्रत्येकीची अंमलबजावणी कोणावर सोपविली आणि ती कोणत्या दिनांकापर्यंत व्हावयाची होती, ही विचारणा अधिवेशनामागून अधिवेशने होत राहिली तरच अहवाल कपाटाबाहेर राहतो.

परंतु विचारावयाचे कोणाला ? कारखान्यातील सुरक्षा व आरोग्य यांचे संचालनालय कामगार विभागाखाली येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा संबंध पर्यावरण विभागाशी. भूखंड देणारे औद्योगिक विकास महामंडळ उद्योग विभागाचे. भोवती वाढलेल्या वस्तीच्या बांधकाम परवानग्या नगरविकास विभागाच्या कक्षेत. स्फोटक पदार्थांचे परवाने केंद्र शासनाच्या यंत्रणेकडे. एकच दुर्घटना, पण खाती पाच. सगळ्यांना मिळून एक ढोबळ प्रश्न विचारला तर प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखविते. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा नेमका प्रश्न विचारला, तर पाच उत्तरे शेजारी ठेवून मधली फट कोठे आहे ते दिसते.

कल्याणच्या पत्रीपुलाचे उदाहरण घ्या. ब्रिटिश अमदानीतील हा पूल धोकादायक ठरल्याने वाहतुकीस बंद झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला. नवा पूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. पुलाचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे होते. पण खालून रेल्वेचे मार्ग जात असल्याने गाड्या थांबवून काम करण्याची मुभा रेल्वेने द्यावयाची होती. महामंडळाविषयीचा प्रश्न विधिमंडळात विचारता येतो, रेल्वेविषयीचा मात्र संसदेतच. ज्या ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी धावली, त्या ठाण्याच्या जिल्ह्यात आमदार आणि खासदार यांनी एकाच विषयाचे दोन अर्धे प्रश्न आपापल्या सभागृहात विचारणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळते.

तिसरे उदाहरण पंचायत सदस्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. कल्याण परिसरातील २७ गावे १९८३ साली महानगरपालिकेत आली, २००२ साली वगळली गेली आणि जून २०१५ पासून पुन्हा समाविष्ट झाली. या गावांतील पाण्याच्या एकाच नळाविषयीचा प्रश्न २००१ साली नगरविकास विभागाकडे, २०१० साली ग्रामविकासाकडे वळणारा आणि २०१६ साली पुन्हा नगरविकासाकडे जावयाचा. जुने अभिलेख ग्रामपंचायतीच्या दप्तरात, नवे पालिकेच्या. अशा ठिकाणी ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर सहज येते. म्हणून प्रश्नातच हस्तांतरणाची तारीख घालून ‘त्या दिवशी दप्तर कोणाच्या ताब्यात दिले’ असे विचारणे हिताचे.

पाठपुराव्याची चिकाटी

ठाण्याने लोकसभेवर दोनदा निवडून दिलेले रामभाऊ म्हाळगी यांचे नाव येथे घेणे उचित होईल. १९५७ साली ते मावळातून विधानसभेत गेले, पुढे पुण्याचे आमदार झाले आणि १९७७ व १९८० साली ठाण्याचे खासदार. १९८२ साली त्यांचे निधन झाले. प्रश्नांचा अभ्यासपूर्ण वापर आणि आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवण्याची शिस्त यांसाठी पक्षभेदापलीकडे त्यांची आठवण काढली जाते. विचारलेला प्रश्न व मिळालेले उत्तर मतदारापर्यंत पोहोचविल्याखेरीज काम पुरे झाले असे न मानणे, ही त्यातील शिकण्यासारखी गोष्ट.

एका प्रश्नाने केवढी उलथापालथ होऊ शकते, याचे उदाहरण १९५७ चे आहे. आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांच्या भागांत गुंतविल्याचा विषय लोकसभेत प्रश्नरूपाने आला. त्यातून मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मात्र असे क्वचितच घडते. सामान्यत: प्रश्नाचे फळ लहान असते : अडलेली नस्ती पुढे सरकते, राहिलेली पाहणी होते. पुष्कळदा तर उत्तर छापले जाण्यापूर्वीच काम मार्गी लागते, कारण ‘काहीच केले नाही’ असे लिहून देणे कोणालाही रुचत नाही.

उत्तर असमाधानकारक असेल तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, लक्षवेधी सूचना देता येते. मंत्र्यांनी ‘चौकशी करण्यात येईल’ असे सभागृहात सांगितले की ते आश्वासन ठरते आणि त्याच्या पूर्ततेवर आश्वासन समिती लक्ष ठेवते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे. म्हणजे ‘करण्यात येईल’ या दोन शब्दांचाही हिशेब ठेवणारा कोणीतरी असतो.

या साधनाला डाग लागलेलाच नाही असे नाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणी डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या अकरा सदस्यांना सदस्यत्व गमवावे लागले. एखाद्या अधिकाऱ्यावर दडपण आणण्यासाठी वा एखाद्या ठेकेदाराच्या सोयीसाठी विचारलेला प्रश्न हा लोकांच्या हक्काची चोरीच होय.

आपले काम

शासनसेवेतील मित्रांना माझी विनंती अशी की, विधिमंडळाचा प्रश्न आला म्हणजे संकट आले असे मानू नये. ‘अंशत: खरे आहे’ असे लिहावयाचे असेल तर कोणता अंश खरा, हे पुढे स्पष्ट लिहावे. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर एखाद्या वेळी क्षम्य; दर अधिवेशनात नव्हे. खालून चुकीची माहिती गेली तर सभागृहाची दिशाभूल होते, विशेषाधिकारभंगाचा प्रसंग येतो आणि मंत्र्यांना खुलासा करावा लागतो. नोंदवही वेळच्या वेळी भरलेली असेल तर उत्तर लिहिण्यास एक दुपार पुरते.

पंचायत सदस्यांनी आमदारांकडे जाताना एका पानाचे टिपण न्यावे. गावाचे व कामाचे नाव, मंजुरीचा दिनांक व रक्कम, आजवरच्या पत्रव्यवहाराचे क्रमांक आणि नेमके काय विचारावयाचे ते, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. प्रश्न आमदारांचा असतो, पण त्याचा कच्चा माल गावातूनच जातो. महानगरपालिका व जिल्हा परिषद यांच्या सदस्यांनाही आपापल्या सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने आहे, तो वापरावा. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यावर काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. सभागृहच नसल्याने नगरसेवकांचे प्रश्न थांबले आणि सारा भार विधिमंडळातील प्रश्नांवर पडला. हक्क नसतो तेव्हाच त्याची किंमत कळते.

शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला छापील प्रश्नोत्तरांची एखादी यादी वर्गात वाचून दाखवावी. आपल्या तालुक्याचे नाव तीत आढळले की मुलांना लोकशाही ही पुस्तकातील व्याख्या वाटणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य नागरिकालाही शासनाकडे माहिती मागता येते. मात्र नागरिकाला मिळते ती कार्यालयात असलेली कागदपत्रे; आमदाराच्या प्रश्नाला द्यावे लागते ते मंत्र्याचे उत्तर. दोन्हींचा मेळ घातला, तर कागद आणि उत्तर एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासता येते.

डोंबिवलीच्या त्या दोन तारखांमध्ये आठ वर्षांचे अंतर आहे. वर्षाला तीन अधिवेशने धरली तरी चोवीस अधिवेशने होतात. तेवढ्या वेळा एकच नेमका प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधी, त्याला खरे उत्तर देणारा अधिकारी आणि ते उत्तर वाचून जपून ठेवणारा नागरिक हे तिघे असतील, तर कोणताही अहवाल फार काळ निजून राहणार नाही.