सांत्वनाची घाई



आपल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनात अध्यक्षाने वर्षभरातल्या पुस्तकांचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मी आज मोडते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावरचे निबंध गठ्ठ्यांनी तपासले. पण वाचनाने माणूस सावरतो म्हणजे काय होतं, ते निवृत्तीनंतर कळलं.

माझे यजमान गेले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो वचन घेऊन आलेला. “देवाची योजना असते, बाई.” “ते चांगल्या ठिकाणी आहेत.” माझाही विश्वास तोच. पण चूल पेटलेली नसताना पंगतीचं वर्णन ऐकावं, तसं होत होतं. दोन महिने मी पवित्र शास्त्र उघडलं नाही. उघडलंच तर डोळे फिरायचे आणि ओळ जिथल्या तिथे राहायची. मग एका संध्याकाळी मंडळीतल्या एक आजी आल्या. चौथी शिकलेल्या. पिशवीतून आपलं जुनं शास्त्र काढलं, ओळीखाली बोट धरून, अडखळत ८८वं स्तोत्र वाचलं आणि पुस्तक मिटलं. प्रार्थनासुद्धा केली नाही. चहा घेतला आणि गेल्या.

स्तोत्रसंहितेत रडणारी स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळी शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. देवाला हाका मारून थकलेला माणूस अखेरपर्यंत थकलेलाच राहतो. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. मी ते नेहमी भराभर ओलांडून ८९व्याकडे जात असे. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली. आपलं दुःख शास्त्राच्या आत बसतं, त्याला उंबऱ्याबाहेर थांबावं लागत नाही, एवढंच उमगलं होतं.

पुढे शास्त्रातलं विलापगीत वाचायला घेतलं. यरुशलेम उद्ध्वस्त झालं, त्यावरचा हा आक्रोश. त्याचे पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत, आपण ‘क, ख, ग’ने कडवी रचावीत तसे. भाषांतरात ही बांधणी हरवते. पाचव्या अध्यायात कडवी २२च, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. शहर जळालेलं असताना हा कवी अक्षरं मोजत का बसला असेल? मला वाटतं, ज्याला काहीच आवरता येत नव्हतं त्याला निदान अक्षरं तरी ओळीत लावता येत होती.

मीही तेच केलं म्हणायचं. यजमानांची हिशेबाची वही होती. दूध, वीज, मंडळीची वर्गणी. निम्मी कोरी. दुधाच्या शेवटच्या नोंदीखाली मी लिहू लागले. सुरुवातीला नुसती तक्रार, देवाविरुद्ध आणि थोडी त्यांच्याविरुद्धही. (औषधं वेळेवर घेत नसत.) वही संपली तेव्हा दुःख गेलं नव्हतं, पण ते आता माझ्यासमोर टेबलावर होतं, छातीवर बसलेलं नव्हतं. इथे एक सांगून ठेवते. ज्यांना झोप नाही, जगणं नकोसं झालंय, त्यांनी डॉक्टरकडे जावं. वही आणि वचन सोबतीला आहेत, गोळीच्या जागी नाहीत.

आपल्याकडे दुःख लिहून काढण्याच्या या वाटेची मोठी वाटाडी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. शाळा नाही, शिकवणी नवऱ्याच्या, नारायण वामन टिळकांच्या, लहरीवर. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार मधोमध चिरला. काही वर्षं ताटातूट, मग पुन्हा एकत्र येणं, १९०० मध्ये स्वतःचा बाप्तिस्मा. १९१९ साली टिळक गेले. बाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग आला १९३४ साली. मधली पंधरा वर्षं मोजा. एवढ्या काळात दुःख मुरलं, आणि मुरलेल्यातून काय निघालं? हसू! सासर, सोवळं, टिळकांचा विसरभोळेपणा, स्वतःची फजिती. साक्ष द्यायची म्हणून बाईंनी नवऱ्याला संत केलं नाही. आज तेच हस्तलिखित आपल्या एखाद्या संपादकाकडे गेलं असतं, तर ‘आध्यात्मिक बोध थोडा वाढवावा’ असा शेरा पडला असता, याची मला खात्री आहे. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही बाईंनीच पुढे नेलं. नवऱ्याच्या वहीतली कोरी पानं बायकोने भरायची ही परंपरा, म्हणजे, बरीच जुनी आहे.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, पुढे नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा. केडगावच्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलचं मराठी करत बसल्या, कारण असलेलं भाषांतर साध्या बाईला जड जात होतं. छपाईला हात मुक्तिसदनातल्या बायकांचेच. ज्यांना घराने टाकलं, त्यांनी शास्त्राचे खिळे जुळवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या; बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये.

आपल्या भाषेत शास्त्र असावं ही भूक मात्र त्याहून जुनी. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणं वाचायला तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं का देत नाही? मला या प्रश्नात भक्तीइतकाच पोरकेपणा ऐकू येतो. ज्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, त्याचा तो आवाज आहे, आणि आपल्या साहित्याचा उगम सांगताना हा भाग आपण हळूच गाळतो. गाळू नये. १६१६ साली ते पुराण छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही छापलं, पण त्यातली एकही प्रत आज हाती नाही. टिकलं ते हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं, तेही अशाच हस्तलिखितांवरून.

आणि आपण? आपल्या नियतकालिकांत शोकाचं पान उघडा. पहिल्या परिच्छेदात मृत्यू, दुसऱ्यात वचन, तिसऱ्यात विजय. मधला काळ कुठे आहे? मार्थेने येशूला तोंडावर ऐकवलं, की तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. त्या भावाला, लाजरला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडला. आपले लेखक मात्र रडणं सोडून थेट थडग्याचा धोंडा सरकवायला धावतात. तरुण लेखकांना माझी विनंती, तो मधला काळ लिहा. उत्तर सापडलं नसेल तर सापडलं नाही असं लिहा. आणि संपादकांनो, ते तसंच छापा.

उद्या सकाळच्या उपासनेत ८८वं स्तोत्र वाचावं, असं मी संयोजकांना सांगितलं आहे. त्या आजी आता नाहीत, म्हणून मी वाचेन. त्यावर कुणी भाष्य करणार नाही. मग चहा आहे.