अमोनियमचा जमाखर्च

भाताला घालतात ते अमोनियम सल्फेट खत दोन आयनांचे बनलेले असते. त्यांची ठिपक्यांची आकृती काढण्याची रीत गिल्बर्ट ल्युइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या १९१६ च्या निबंधातून आली. ती म्हणजे निव्वळ हिशेब.

अमोनियम घ्या. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन ५, चार हायड्रोजनांचे ४, झाले ९. आयनावर एक धन भार आहे. इथेच मुले फसतात. अधिक चिन्ह पाहून एक मिळवतात. पण इलेक्ट्रॉन स्वतः ऋण! तो एक कमी, म्हणूनच आयन धन. तेव्हा ९ मधून १ गेला, उरले ८. मधे नायट्रोजन, चहूबाजूंना हायड्रोजन, प्रत्येक बंधाला दोन ठिपके. आकृतीला चौकोनी कंस घालून बाहेर अधिक चिन्ह द्यावे.

आता सल्फेट. गंधकाचे ६, चार ऑक्सिजनांचे २४, दोन ऋण भारांचे २, एकूण ३२. चार बंधांना ८ लागले. उरलेले २४ प्रत्येक ऑक्सिजनभोवती सहा-सहा मांडा.

गुरुजी, आकृती पाठ करवून घेऊ नका, आधी इलेक्ट्रॉन मोजायला लावा. एका अमोनियमच्या खर्चात एक, सल्फेटच्या जमेस दोन. मग खताच्या सूत्रात अमोनियम दोन का, हे मुले आपणच सांगतील.