पोलादातून काय काढायचे?

लोखंडात काहीतरी मिसळले की पोलाद होते, असा समज बराच पसरलेला आहे. मँगनीज, क्रोमियम मिसळतात हे खरेच. पण पोलाद कारखान्याचे अवघड काम आहे ते काढून टाकण्याचे.

झोतभट्टीतून निघालेल्या लोखंडात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, कोकमधून आलेला. हे लोखंड साच्यात छान ओतता येते, पण हातोडा बसला की तडकते. 1856 मध्ये हेन्री बेसेमरने या लोखंडाच्या रसातून नुसती हवा फुंकली. कार्बन जळाला, आणि जळण्याच्या उष्णतेनेच रस पातळ राहिला. खनिजातून आलेला फॉस्फरस मात्र जागचा हलला नाही. फॉस्फरस असलेले पोलाद थंडीत ठिसूळ होते, त्यामुळे युरोपातल्या कितीतरी खाणींचे खनिज या कामी बाद ठरले.

हा तिढा सोडवला लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस दिवसा कोर्टात काम करी आणि संध्याकाळी रसायनशास्त्र शिके. दोष भट्टीच्या अस्तरात आहे, हे त्याने ओळखले. अस्तर आम्लधर्मी, फॉस्फरसचे ऑक्साइडही आम्लधर्मी; मग त्याला धरून ठेवणार कोण? अस्तर डोलोमाइटचे करून रसात चुना टाकला, तर तो चुना फॉस्फरसला बांधून मळीत नेतो. वेल्समधल्या कारखान्यात रसायनज्ञ असलेला मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याने त्याच्यासाठी प्रयोग केले. 1879 मध्ये मिडल्सब्रोला ही पद्धत सिद्ध झाली. मला विशेष वाटते ते पुढचे: पोलादाला नको असलेला तो फॉस्फरस, मळी दळून, शेतात खत म्हणून गेला. थॉमस 1885 मध्ये वारला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

त्याचा चुना आजही टाकतात. हवा मात्र गेली, कारण तिच्यातला नायट्रोजन पोलादात मुरून त्याला कडक करतो. 1952 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ येथे वरून शुद्ध ऑक्सिजन फुंकणारी भट्टी सुरू झाली. भारतात ही पद्धत आधी रूरकेलाला आली. आज शेकडो टन रस वीसेक मिनिटांत फुंकून होतो.

पण फुंकलेला ऑक्सिजनच थोडा रसात उरतो. तो अ‍ॅल्युमिनियम किंवा सिलिकॉन घालून बांधावा लागतो. रुळांच्या पोलादात शेवटी हायड्रोजनचीही धास्ती असते. तो राहिला, तर रुळाच्या पोटात केसासारख्या भेगा पडतात आणि वरून दिसत नाहीत. म्हणून रस निर्वातात ठेवून हायड्रोजन ओढून घेतात, दहा लाख भागांत जेमतेम दोन भाग उरेपर्यंत.