आधी प्रयोग, मग व्याख्या



परीक्षानळीच्या तळाशी बर्फाचा खडा जाळीने दाबावा, वर पाणी भरून नळी तोंडाजवळ तापवावी. वरचे पाणी उकळते. तळाचा बर्फ बराच वेळ टिकतो. ‘उष्णता वर जाते,’ असे वर्गातून उत्तर येते. परंतु लोखंडी सळई वरून तापवली तरी खालपर्यंत तापते. मग वर जाते ते काय? चंचुपात्रातील पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा स्फटिक तळाशी सोडून त्याखाली मंद आच द्यावी. जांभळी रेघ वर चढते, बाजूंनी खाली उतरते. तापलेले पाणीच प्रसरण पावून, हलके होऊन उष्णता वाहून नेते, हे विद्यार्थी स्वतः पाहतो. ‘अभिसरण’ ही संज्ञा त्यानंतर द्यावी. आधीच उत्तर सांगणारा शिक्षक वेळ वाचवतो. पण विद्यार्थ्याचा प्रश्न हिरावून घेतो.